मायक्रोफायनान्सचं पहिलं कर्ज: वहीपासून नाहरकत दाखल्यापर्यंत

तारण ठेवायला काही नाही, बँकेला दाखवायला ताळेबंद नाही, पण धंदा रोज चालतो आणि माल भरायला पैसे कमी पडतात. अशा माणसासाठी मायक्रोफायनान्स, म्हणजे लहान धंदेवाल्यांना छोटी कर्जं द्यायची व्यवस्था आहे. शिलाईकामाच्या धंद्यासाठी मी गटातून कर्ज घेतलं, ते फेडलं, नंतर वैयक्तिक कर्जही घेतलं. पुढे गटात नव्याने येणाऱ्यांना कागद समजावून सांगायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. प्रत्येकीचे प्रश्न जवळपास तेच असतात, आणि ते बहुतेक वेळा सही करून झाल्यावर विचारले जातात. ते आधी विचारले जावेत म्हणून हे लिहिते आहे.

नियम देशागणिक बदलतात, पण कर्ज देण्याची रीत बांगलादेशापासून बोलिव्हियापर्यंत बरीचशी सारखी आहे. वाचताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवा. किती कर्ज मिळतंय हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की धंदा सगळ्यात मंद असतो त्या आठवड्यात तुमच्या हातून किती हप्ता निघेल?

पायरी 1: कर्ज कशासाठी हवंय ते एका ओळीत लिहा

"धंदा वाढवायला" हे उत्तर चालणार नाही. "दुसरं मशीन घ्यायला, कारण येणारं काम परत पाठवावं लागतंय" हे चालेल. कर्जाच्या पैशातून जास्तीची कमाई कुठून आणि केव्हापासून येणार, हे त्या ओळीत दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर थांबा.

हे सांगण्यामागे कारण आहे. बॉस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतल्या मायक्रोफायनान्सच्या पाहण्या 2015 साली एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यांतला भारतातला अभ्यास हैदराबादच्या वस्त्यांमध्ये झाला होता. या पाहण्यांतून दिसलं ते असं: कर्जामुळे लोकांना धंद्यात हात मोकळे मिळाले, काहींचा धंदा वाढलाही, पण सरासरी घराचं उत्पन्न फारसं उंचावलं नाही. म्हणजे चालत्या धंद्याला हे कर्ज हातभार लावतं, न चालणाऱ्या धंद्याला उभं करत नाही. नुसतं घरखर्चाचं भगदाड बुजवायचं असेल तर आधी स्वतःची बचत, भिशी, नातेवाईक, मालवाल्याची उधारी हे पर्याय बघा.

पायरी 2: आठ आठवडे वही ठेवा

कर्ज उद्याच हवं असलं तरी ही पायरी टाळू नका. साधी वही घ्या आणि रोज रात्री चार आकडे लिहा: विक्री किती झाली, मालाला किती गेले, घरासाठी किती काढले, उधारीवर किती दिलं. उधारीवरची विक्री वेगळी मांडा. ते पैसे अजून तुमचे झालेले नाहीत.

आठ आठवड्यांनी प्रत्येक आठवड्याची शिल्लक काढा आणि सगळ्यात कमी शिल्लकेचे दोन आठवडे शोधा. सरासरीकडे बघू नका. हप्ता सरासरी आठवड्यात भरायचा नसतो, तो प्रत्येक आठवड्यात भरायचा असतो. माझं मत विचाराल तर सर्वांत वाईट आठवड्यातल्या शिल्लकेच्या निम्म्याहून जास्त हप्ता बांधून घेऊ नये. उरलेलं निम्मं आजारपणासाठी, मशीन बिघडल्यास दुरुस्तीसाठी, न आलेल्या उधारीसाठी.

हंगामी धंदा असेल तर आठ आठवडे पुरणार नाहीत. गेल्या वर्षातले मंद महिने आठवून त्यांचा अंदाज वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. याच वहीचा पुढे अर्जाच्या वेळी फायदा होतो. धंदा बघायला आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात हिशोबाची वही दिली की त्याचे निम्मे प्रश्न संपतात.

पायरी 3: कर्जाचा प्रकार ठरवा

मुख्यतः चार प्रकार समोर येतील.

*गटकर्ज.* अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये बांगलादेशातल्या चितगावजवळच्या जोब्रा गावात हा प्रयोग सुरू केला आणि 1983 मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली. पाच जणींचा गट, आठवड्याची बैठक, छोटे हप्ते आणि वेळेत फेडलं की पुढचं मोठं कर्ज, हा साचा तिथून जगभर गेला. 2006 चं शांततेचं नोबेल युनूस आणि बँक यांना मिळून मिळालं. बऱ्याच संस्थांत या साच्याला सामूहिक जबाबदारी जोडलेली असते: एकीने हप्ता बुडवला की बाकीच्यांनी तो भरायचा.

*वैयक्तिक कर्ज.* यात गट नसतो, पण जामीनदार किंवा काही तारण मागतात आणि धंद्याची कसून पाहणी होते. बोलिव्हियाची बँकोसोल ही बँक 1992 मध्ये गटकर्जातूनच उभी राहिली आणि पुढे मोठ्या प्रमाणात वैयक्तिक कर्जाकडे वळली. धंदा स्थिर असेल आणि बैठकांना वेळ देणं परवडत नसेल तर हा प्रकार विचारून बघा.

*बचत गट किंवा पतसंस्था.* आधी बचत करायची, मग कर्ज मिळतं. वेळ लागतो. पण व्याज आपल्याच मंडळीत फिरतं आणि अडचण सांगायला ओळखीची माणसं असतात. घाई नसेल तर माझी पहिली शिफारस हीच.

*फोनवरचं कर्ज.* मिनिटांत मिळतं आणि म्हणूनच महाग पडतं. केनियात 2012 मध्ये सुरू झालेल्या एम-श्वारी सेवेत महिन्याभराच्या कर्जावर 7.5 टक्के शुल्क होतं. ऐकायला थोडं वाटतं, पण दर महिन्याला घेतलं तर वर्षाचे 90 टक्के होतात. चार दिवसांत विकला जाणारा माल भरायला असं कर्ज एखाद्या वेळी ठीक आहे. मशीन घ्यायला कधीच घेऊ नका. आणि जे ॲप तुमच्या फोनमधली संपर्कयादी किंवा फोटो बघायची परवानगी मागतं, ते तिथल्या तिथे काढून टाका. हप्ता चुकला की ओळखीपाळखीच्यांना फोन करून बदनामी करण्यासाठी ती यादी वापरली जाते.

पायरी 4: संस्था कोण आहे ते बघा

देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या किंवा नियामकाच्या संकेतस्थळावर परवानाधारक संस्थांची यादी असते. तीत नाव शोधा. ॲपवाल्यांच्या बाबतीत ॲपचं नाव आणि मागच्या कंपनीचं नाव वेगळं असतं, कंपनीचं नाव विचारून घ्या. केनियाने डिजिटल कर्जदात्यांना परवाना 2022 पासून सक्तीचा केला, तोवर तिथे कुणीही ॲप काढून कर्ज वाटू शकत होतं.

मग त्या संस्थेचे जुने कर्जदार गाठा. अधिकाऱ्याने सुचवलेले नकोत, तुम्ही स्वतः शोधलेले हवेत. त्यांना एकच विचारा: "हप्ता चुकला तेव्हा ते कसे वागले?" बाकी सगळी माहिती पत्रकात मिळेल, ही मिळणार नाही.

पायरी 5: खरा व्याजदर स्वतः काढा

या पायरीला वेळ द्या. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि तीही खोटं न बोलता होते.

समजा 12,000 चं कर्ज आहे, मुदत एक वर्ष, बारा मासिक हप्ते, व्याज "18 टक्के". तुम्ही विचारायला हवं: 18 टक्के फ्लॅट (सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर), की घटत्या शिल्लकेवर (फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच)?

फ्लॅट असेल तर पूर्ण 12,000 वर वर्षभराचं व्याज, म्हणजे 2,160 लावतात. एकूण फेड 14,160, हप्ता 1,180. पण पूर्ण 12,000 तुमच्याकडे वर्षभर राहतात कुठे? पहिल्या हप्त्यापासून मुद्दल परत जाऊ लागतं. वर्षभराची सरासरी काढली तर तुमच्याकडे साधारण 6,500 च असतात. त्या 6,500 वर 2,160 व्याज म्हणजे 33 टक्के. नेमकं गणित केलं तर वर्षाला जवळपास 32 टक्के येतात. ढोबळ नियम असा की फ्लॅट दराची दुप्पट करा आणि थोडं कमी करा.

आता पुढचं बघा. प्रोसेसिंग फी 240 आणि विमा 120 आधीच कापून घेतले. हातात आले 11,640, हप्ता मात्र तोच 1,180. खरा दर झाला 38 टक्क्यांच्या घरात. त्यावर "सुरक्षा ठेव" म्हणून 1,200 ठेवून घेतले आणि ते वर्षाअखेर बिनव्याजी परत दिले, तर हातात 10,440 च येतात आणि दर 45 टक्क्यांच्या वर जातो. पत्रकावर अजूनही 18 च लिहिलेलं असतं.

हे गणित हाताने करायची गरज नाही. फोनवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये "रेट" (RATE) नावाचं सूत्र असतं. त्यात हप्त्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्ह लावून) आणि प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम या क्रमाने भरा. आलेल्या उत्तराला बाराने गुणा, हप्ता साप्ताहिक असेल तर बावन्नने. ठेव कापली असेल तर ती परत मिळणारी रक्कम चौथ्या जागी लिहा. घरातल्या शिकत्या मुलाला बसवा, तो करून देईल. दोन संस्थांची तुलना फक्त याच आकड्यावरून करा.

सरकारने व्याजाला कमाल मर्यादा घातली की आपण सुटलो, असंही समजू नका. कंबोडियाने 2017 मध्ये 18 टक्क्यांची मर्यादा आणली, तेव्हा संस्थांनी शुल्कं वाढवली आणि अगदी लहान कर्जं द्यायचं कमी केलं. उलट टोकाला मेक्सिकोची कोम्पार्तामोस ही संस्था 2007 मध्ये शेअर बाजारात उतरली, तेव्हा कर्जदारांकडून 80 टक्क्यांहून जास्त वार्षिक व्याज घेत होती. छोटी कर्जं वाटायला आणि वसूल करायला खर्च जास्त येतो, त्यामुळे बँकेपेक्षा दर चढा असणं समजू शकतं. किती चढा, हे मात्र तुम्हाला आधी कळलंच पाहिजे.

अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्न:

- हातात नेमकी किती रक्कम येणार?
- एकूण परतफेड किती, हप्ते किती आणि कोणत्या दिवशी?
- मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, आणि उरलेलं व्याज माफ होतं का?
- उशीर झाल्यास दंड थकलेल्या हप्त्यावर, की पूर्ण कर्जावर?
- विमा सक्तीचा आहे का? तो कशासाठी पैसे देतो?
- पहिला हप्ता लगेच सुरू होतो, की काही आठवड्यांनी?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं सांगते. कोलकात्यात झालेल्या एका अभ्यासात काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरायला दिला. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि काही वर्षांनी त्यांचा नफाही जास्त दिसला. मात्र त्यांच्यात थकबाकीही वाढली. तुमच्या धंद्यात पैसा परत यायला वेळ लागत असेल तर सवलतीचा काळ मागा. मिळाला तर त्या काळातही हप्त्याएवढी रक्कम दर आठवड्याला बाजूला टाका.

पायरी 6: कागद जमवा

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकसारखं. अर्ज परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुक किंवा मोबाइल वॉलेटचा उतारा
- धंद्याचा पुरावा: परवाना असल्यास तो, नसल्यास जागाभाड्याची पावती, मालाची बिलं, दुकानाचा फोटो
- आठ आठवड्यांची वही
- चालू कर्जांची कार्डं (ज्यावर हप्त्यांची नोंद होते ती)
- जामीनदार लागत असल्यास त्याचे कागद

प्रत्येक झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा: "फक्त अमुक संस्थेच्या कर्जासाठी", खाली तारीख. मोकळी प्रत दुसऱ्याच कर्जाला जोडली जाऊ नये म्हणून ही काळजी. आणि चालू कर्ज लपवू नका. कुणाचं कर्ज किती आणि ते कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीकडे ते बहुधा दिसतंच. लपलंच, तर शेवटी दोन हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत.

पायरी 7: गट डोळे उघडे ठेवून निवडा

गटकर्ज घेत असाल तर ही पायरी व्याजदराइतकीच महत्त्वाची. बैठकीत वसुली कशी होते ते एकदा प्रत्यक्ष बघा. सगळ्या बसलेल्या असतात, अधिकारी नोटा मोजतो, एक जागा रिकामी असते. मग कुणीतरी त्या बाईच्या घरी जातं आणि रक्कम पुरी होईपर्यंत बाकीच्यांना उठू देत नाहीत. कुणाची शिवणकामाची ऑर्डर अडलेली असते, कुणाचं मूल शाळेतून यायचं असतं. हा ताण सोसायची तयारी असेल तरच गटात या.

जिचा धंदा तुम्ही स्वतः पाहिला आहे, जिच्या डोक्यावर आधीच दोन कर्जं नाहीत आणि जी अडचण तोंडावर बोलते, तिलाच गटात घ्या. जवळच्या नात्यातल्या सगळ्याच एका गटात नकोत. घरावर एकच संकट आलं तर सगळ्यांचे हप्ते एकदम थांबतात.

गटप्रमुख किंवा मध्यस्थ "कर्ज मिळवून दिलं" म्हणून वाटा मागत असेल तर तिथेच नकार द्या. आणि कितीही जवळचं माणूस असो, दुसऱ्यासाठी आपल्या नावावर कर्ज काढू नका. "हप्ता मी भरते, फक्त नाव तुझं" असं सांगून काढलेली कर्जं मी एकामागून एक बुडताना पाहिली आहेत. कागदावर जिचं नाव, वसुली तिच्याकडून.

सामूहिक जबाबदारीशिवायचं कर्ज मिळतं का, हेही विचारा. फिलिपिन्समध्ये एका बँकेने काही गटांतली ही अट काढून टाकून पाहिली, तेव्हा थकबाकी वाढली नाही. त्यामुळे मागण्यात संकोच कसला?

पायरी 8: सही करण्याआधी

कागद घरी न्या, एक रात्र ठेवा. "आजच सही केली तर" असं म्हणणाऱ्याला उद्या यायला सांगा. करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. वाचता येत नसेल तर संस्थेबाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. जमिनीचे किंवा घराचे मूळ कागद छोट्या कर्जासाठी गहाण टाकू नका. कंबोडियात जमिनीच्या पट्ट्यांवर दिलेल्या लघुकर्जांपायी लोकांनी जमिनी विकल्याचं मानवाधिकार संघटनांनी नोंदवलं आहे.

देशाचे नियम माहीत असले की बोलायला बळ येतं. भारतात रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज ठरतं. घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. तुमच्या देशात यातलं काय लागू आहे ते शोधा आणि कागदावर लिहून जवळ ठेवा.

पायरी 9: पैसे आल्यावर

पायरी 1 ची ती ओळ काढा आणि त्याच कामाला पैसे लावा, शक्यतो त्याच आठवड्यात. घरात पडून असलेल्या रकमेला पाय फुटतात.

प्रत्येक हप्त्याची नोंद तुमच्या कार्डावर, तुमच्या समोर, सहीसह झाली पाहिजे. मी कार्डावर "उरलेली रक्कम" हा रकाना दर वेळी स्वतः मोजून बघते. नोटा देताना कार्ड दुसऱ्या हातात असावं. "कार्ड राहू दे, पुढच्या वेळी लिहितो" याला नाही म्हणा. फोनवरून भरत असाल तर पैसे संस्थेच्या खात्यात जातात, अधिकाऱ्याच्या नाही, हे तपासा आणि संदेश जपून ठेवा.

अर्ध्या मुदतीला "टॉप-अप घ्या" अशी विचारणा येईल. त्यात जुनं कर्ज नव्यातून फेडलं जातं, फी पुन्हा कापली जाते आणि हातात थोडेच येतात. नव्याने पायरी 1 पासून विचार केल्याशिवाय हो म्हणू नका.

पायरी 10: हप्ता चुकणार असं दिसलं तर

चुकण्याआधी जा. लेखी अर्ज द्या, कारण लिहा, किती आणि केव्हा भरू शकाल ते लिहा, पोच घ्या. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. वाढीव मुदतीचं व्याज किती होईल तेही विचारा, कारण थांबलेला हप्ता म्हणजे माफ झालेला हप्ता नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत भारतात हप्ते पुढे ढकलायची मुभा मिळाली, पण व्याज चालूच राहिलं होतं.

एका संस्थेचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज काढू नका. आंध्र प्रदेशात 2010 साली याच रस्त्याने संकट आलं. एकेका घरात अनेक संस्थांची कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या. शेवटी राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळपास ठप्प झाली. घरी येऊन शिवीगाळ, धमकी, सामान उचलणं, रात्रीबेरात्री दारात बसणं हे करायचा अधिकार कुठल्याच संस्थेला नाही. तारीख, वेळ, माणसाचं नाव लिहा, साक्षीदार ठेवा. आधी संस्थेच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे दाद लागली नाही तर नियामकाकडे. धमकी असेल तर सरळ पोलिसांत जा. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, आणि त्यापायी जिवाचं बरंवाईट करावं असं काहीही त्यात नाही. कुणी तसं बोलत असेल तर तिला एकटं सोडू नका.

पायरी 11: कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. पण त्याच दिवशी नाहरकत दाखला, म्हणजे आता काही देणं उरलं नाही असा संस्थेचा कागद मागा. दिलेले धनादेश, जामीनदाराचे कागद परत घ्या, सुरक्षा ठेव मोजून घ्या. एक-दोन महिन्यांनी पतमाहिती अहवाल काढा आणि कर्ज "बंद" दाखवतंय का बघा. "चालू" दिसत असेल तर दाखल्याची प्रत जोडून संस्थेला आणि पतमाहिती कंपनीला दुरुस्तीचा अर्ज करा. नाहीतर पुढच्या अर्जात तो फिटलेला हप्ता तुमच्या नावावर मोजला जाईल. दाखला आणि शेवटचं कार्ड एकाच पाकिटात ठेवा, आणि पाकिटावर कर्ज खातं क्रमांक लिहा.